बीटेकनंतर फॅमिली थेरपी: ३००० तास आणि आईचा एक फोन

मी मॅरेज अँड फॅमिली थेरपीत मास्टर्स करतेय असं काकूला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे वधूवर सूचक मंडळ?" नाही गं काकू, लग्न जमल्यानंतरचं आहे हे.

तर, पुण्यात चार वर्षं बॅकएंडवर काम केलं, आता कॅलिफोर्नियात दुसऱ्या वर्षाला आहे. मला मेसेज करणारे निम्मे आयटीवाले असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: बीटेकवर अ‍ॅडमिशन मिळते का? मिळते. बऱ्याच ठिकाणी कुठल्याही विषयातली पदवी चालते, काही ठिकाणी मानसशास्त्राचे एकदोन विषय आधी करून यायला सांगतात.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला कुणी विचारत नाही. कॅलिफोर्नियात लायसन्ससाठी सुपरव्हिजनखाली ३००० तास काम लागतं, किमान १०४ आठवड्यांत. डिग्रीच्या आधीचे जास्तीत जास्त १३०० तास धरतात आणि एका आठवड्यात ४० च्या वर नाहीत. आता व्हिसा बघा. हा विषय स्टेममध्ये नाही, म्हणजे शिक्षणानंतर ओपीटी १२ महिन्यांचा. सॉफ्टवेअरवाल्यांना मिळते ती २४ महिन्यांची वाढ नाही. माझे डिग्रीपर्यंत जेमतेम ६०० तास होतील. उरले २४००. एकही सुट्टी न घेता ६० आठवडे, आणि हातात ५२! त्यात क्लायंट ऐनवेळी येत नाहीत, ते तास गेलेच. म्हणजे व्हिसा स्पॉन्सर करणारं क्लिनिक शोधा, नाहीतर परत या. आणि भारतात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट असं वेगळं लायसन्सच नाही. हे गणित मी नोकरी सोडून, फी भरल्यावर केलं. एक्सेल येत होतं हो मला. तुम्ही आधी करा.

बरं, अर्जाचं. माझ्या निबंधाचा पहिला ड्राफ्ट होता, "मी सिस्टीम डीबग करते, आता कुटुंबं डीबग करीन." एका ठिकाणाहून नकार आला, योग्यच होता. दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीत बाईंनी विचारलं, "घरात भांडण झालं की तुम्ही कुठे असता?" मी म्हटलं, "मध्ये." पुढे काही सुचेना. आईबाबांचा अबोला असला की "बाबांना सांग, पान वाढलंय" हे निरोप दुसरीत असल्यापासून मीच पोचवतेय. मरी बोवेन याला त्रिकोण म्हणतो: दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला आत ओढायचं.

पहिल्याच सेमिस्टरला जेनोग्राम काढायला लावला. आपल्याच घराच्या तीन पिढ्या; पुरुष चौकोन, बायका वर्तुळ, संबंध तुटले असतील तिथे तुटलेली रेघ. बाबा आणि आत्याच्या मध्ये ती रेघ काढली आणि तारीख विचारायला आईला फोन केला.

"हे तुझ्या कॉलेजात कशाला सांगायचं?" आई चिडलीच. मग म्हणाली, "थांब, दार लावून येते."

मला लहानपणापासून माहीत होतं की आत्याने वडिलोपार्जित घरात वाटा मागितला आणि तिनेच संबंध तोडले. आईने सांगितलं, आत्या त्यानंतरही भाऊबीजेला ओवाळायला आली होती. बाबांनी दारातूनच परत पाठवलं. आईने आत ताट तयार ठेवलं होतं. ती एक तास बोलली. शेवटी म्हणाली, "बाबांशी तू बोल ना, तुझं ऐकतात."

परत निरोप्या! मी म्हटलं, "आई, मी नाही. तूच बोल." तिने फोन ठेवला. पंधरा दिवस आमच्यात फक्त "जेवलीस का?" एवढंच चाललं होतं. मला असाइनमेंटला चांगले मार्क मिळाले, पण ते कुणाला सांगावेसे वाटेनात.

परवा तिचा मेसेज आला: "बोलले बाबांशी." पुढे काहीच नाही. काय झालं ते विचारायला बोटं शिवशिवतायत. अजून विचारलेलं नाही.