योनीमार्गाचा कोरडेपणा: कारणे

योनीमार्गातला ओलावा मुख्यतः इस्ट्रोजेन या संप्रेरकावर टिकतो. अंडाशयातून स्रवणाऱ्या या संप्रेरकामुळे आतले अस्तर जाड आणि लवचिक राहते, तिथला रक्तपुरवठा चांगला राहतो. ते घटले की अस्तर पातळ पडते. मग खाज सुटते, आग होते, संबंधाच्या वेळी दुखते, लघवीला जळजळते. ‘उन्हाळी लागली’ असे समजून कितीतरी बायका धण्याचे पाणी पीत राहतात आणि मूळ कारण तसेच राहते.

इस्ट्रोजेन घटण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पाळी जाणे. भारतात बहुतेकींची पाळी ४५ ते ५० या वयात जाते. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा काही वर्षांत ओसरतात. कोरडेपणा मात्र उपचाराविना सहसा वाढतच जातो.

गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेबाबत एक फरक नीट समजून घ्यायला हवा. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशये इस्ट्रोजेन बनवत राहतात. दोन्ही अंडाशयेही काढली, तर तिशीतल्या बाईलाही लगेच रजोनिवृत्ती येते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि सरकारने चौकशी समिती नेमली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशये ठेवली की काढली, हे त्या बाईला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

बाळंतिणीचा कोरडेपणा तात्पुरता असतो. अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन वाढते आणि इस्ट्रोजेन दबते. पाजणे कमी झाले की ओलावा परततो. स्तनाच्या कर्करोगावरची काही औषधे, ओटीपोटावरची किरणोपचार पद्धती, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधे यांनीही कोरडेपणा येतो. डोळे आणि तोंडही कोरडे पडत असेल, तर स्योग्रेन हा आजार तपासावा लागतो. साबण किंवा सुगंधी द्रावणाने आतून धुण्याची सवयही त्रास वाढवते. योनीमार्ग स्वतःच स्वच्छ राहतो.

संप्रेरके ठीक असूनही घाई, भीती किंवा मनाविरुद्धचा संबंध असेल तर ओलावा येत नाही. हा बाईचा दोष नव्हे.

कारणानुसार पाण्यावर आधारित वंगण किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर तो कोरडेपणाचाच असे धरून न चालता आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.