सत्तेची विभागणी आणि समतोल
(भिलाई येथे मराठी वाचकांसमोर केलेले भाषण)



राज्यघटनेवरील एका ग्रंथाचा अनुवाद करीत असताना एका शब्दापाशी मी बराच काळ थबकले. सत्तेचे ‘विभाजन’ म्हणावे की ‘विभागणी’? विभाजन म्हटले की वाटणी झालेल्या घरातील भिंत डोळ्यांपुढे येते. आपल्या घटनेला तशी भिंत अभिप्रेत नाही. न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी असावी असे अनुच्छेद ५० सांगतो. पण मंत्रिमंडळ मात्र विधानसभेलाच जबाबदार असते. म्हणून मी ‘विभागणी’ हा शब्द पत्करला.

भिलाईत ही विभागणी दाराशीच आहे. पोलाद कारखाना केंद्राच्या मालकीचा, पोलीस राज्याचे. परंतु राज्याच्या या अधिकारालाही मर्यादा आहेत, हे छत्तीसगडमधील एका खटल्याने दाखवून दिले. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी शासनाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमले. शिक्षण पुष्कळांचे जेमतेम पाचवीपर्यंत, मानधन दरमहा ३,००० रुपये आणि हाती बंदूक. ५ जुलै २०११ रोजी नंदिनी सुंदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अशा लढाईस जुंपणे हा समतेच्या आणि जीविताच्या हक्काचा भंग ठरविला.

त्याच वर्षी विधानसभेने सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला. हा न्यायालयाचा अवमान होय, अशी तक्रार झाली. १५ मे २०२५ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. कायदा करणे हा विधिमंडळाचा अधिकार आहे. केवळ तेवढ्याने अवमान होत नाही. कायदा घटनाबाह्य वाटत असेल तर त्यालाच आव्हान द्यावे, असा त्या निर्णयाचा आशय.

हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात न्यायालयाने शासनाला आवरले, दुसऱ्यात स्वतःला. समतोल म्हणतात तो हाच. मात्र तो साधण्यास काळ लागतो. या दोन निर्णयांत जवळजवळ चौदा वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात पोराचा बाप होतो.

एक गोष्ट मला सतत बोचते. पाचवी शिकलेल्या ज्या तरुणाच्या जिवाचा प्रश्न होता, त्याला हे निर्णय ज्या इंग्रजीत लिहिले गेले ती वाचता येणार नाही. घटनेने दिलेले संरक्षण ज्याला कळत नाही, तो ते मागणार कसे? घटनेची भाषा त्याच्या बोलीपर्यंत पोहोचविणे, हे आम्हा अनुवादकांचे फेडावयाचे राहिलेले ऋण आहे.