बाळंतपणानंतरचे दुखणे



कामगार संघटनेतला माणूस बाळंतपणावर काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. पूर्वी मलाही तसेच वाटे. एका कारखान्यात पाकिटे भरणाऱ्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीखेरीज आणखी दोनदा बाहेर जाण्याची सवलत मागितली होती. व्यवस्थापकाने तिला कामचुकारपणा म्हटले, आणि मीही वाटाघाटीत ती मागणी पहिल्याच बैठकीत सोडून दिली. पुढे एक वयस्क बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आठ तास उभं राहून लघवी धरवत नाही. धाकट्याच्या वेळेपासून असंच आहे." धाकटा तेव्हा दहावीला होता.

मग मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागलो.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तिचा आधार. बाळ उतरताना ती फार ताणली जाते, कधी फाटतेही. पुष्कळजणींची काही महिन्यांत सावरते. जिची सावरत नाही, तिची शिंकेसरशी लघवी निसटते, वायू धरवत नाही, किंवा आपल्या बायका म्हणतात तसे 'अंग बाहेर येते'.

या स्नायूंनाही व्यायामाने बळ येते, हे अमेरिकेतील डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडले. लघवी आणि वायू एकदम रोखावेत तसे आत आणि वर आवळायचे, सहा-आठ सेकंद धरायचे, मग पुरते सैल सोडायचे. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही. कित्येकजणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात, आणि तो जोर त्या झोळीवरच पडतो. म्हणून आरंभी जाणकाराकडून शिकून घ्यावे. काहींचे स्नायू आखडलेले, दुखरे असतात. त्यांना आधी सैल सोडायलाच शिकावे लागते. अंग उतरले असेल तर आत बसवायचे कडे मिळते, शस्त्रक्रियाही आहे. मात्र 'पिशवी काढा' एवढेच कोणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरला जरूर विचारा.

फ्रान्समध्ये बाळंतिणीला अशा शिकवणीच्या बैठका लिहून देतात आणि त्यांचा खर्च सामाजिक विमा उचलतो. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवड्यांची झाली. हे थोडे नव्हे. पण रजा म्हणजे उपचार नव्हे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला तर रजाही नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे तिला चुकत नाही.

आमच्या पुढच्या मागणीपत्रात दोनदा बाहेर जाण्याचे कलम पहिले होते, त्याखाली बाळंतिणीच्या व्यायामोपचाराच्या खर्चाचे. पहिले मान्य झाले. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत. ती बाई तोवर निवृत्त झाली होती.