साठीतली नायिका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी मंडळातल्या एकीने कोणा थोर स्त्रीविषयी चार शब्द बोलायचे, असा आपला रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जिजाबाई, सावित्रीबाई, रमाबाई यांच्याविषयी माझ्यापेक्षा जाणत्या भगिनी पुष्कळ चांगले बोलतात. म्हणून मी आज एका सिनेमानटीविषयी बोलणार आहे. विषय ऐकून मागच्या रांगेत कोणी हसले, ते मला दिसले. खुशाल हसा. ती बाईही जन्मभर लोकांना हसवतच आली.

तिचे नाव मारी ड्रेसलर. सिनेमानटी म्हटले की जी नाजूक, मुठीत कंबर मावणारी बाई डोळ्यांपुढे येते, तशी ही मुळीच नव्हती. अंगाने थोराड, चेहरा राकट, चालणे धबाधबा. १९२४ साली तिने स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याच्या नावातच स्वतःला बदकाचे कुरूप पिल्लू म्हणवून घेतले. अशी ही बाई साठी उलटल्यावर अमेरिकेतल्या सगळ्या नटनट्यांत पहिल्या क्रमांकावर गेली. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. तिचे काय झाले ते ऐका.

तिचा जन्म ९ नोव्हेंबर १८६८ चा, कॅनडातल्या कोबर्ग गावचा. चौदाव्या वर्षी ती घर सोडून फिरत्या नाटक कंपनीत गेली. वडिलांना आपले आडनाव रंगभूमीवर नको होते, म्हणून तिने एका आत्याचे नाव घेतले. गावोगाव हिंडत, पडेल ते काम करीत ती न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर पोहोचली. १९१० साली ‘टिलीज नाइटमेअर’ या नाटकाने तिचे नाव घरोघर झाले. त्याच टिलीवरून मॅक सेनेट यांनी १९१४ साली एक लांबलचक विनोदी मूकपट काढला. त्यात चार्ली चॅप्लिन होते, पण तेव्हा ते नवखे होते आणि नायिका होती मारी ड्रेसलर.

आता मी सांगते तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १९१९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला. नाटकात मागे रांगेत उभ्या राहून नाचणाऱ्यागाणाऱ्या मुलींचे तेव्हा फार हाल असत. आठवडेच्या आठवडे तालमी फुकट करायच्या, बूट आणि मोजे स्वतःच्या पैशाने घ्यायचे, आणि नाटक पडले की हात हलवत घरी जायचे. या मुलींनी आपली वेगळी संघटना काढली. तिची पहिली अध्यक्ष मारी ड्रेसलर झाली. ती स्वतः नामांकित नटी होती, तिला या भानगडीत पडायचे कारण नव्हते. पण तीही कधी त्याच रांगेत उभी होती, आणि ते ती विसरली नव्हती. संप महिनाभराने यशस्वी झाला. मुलींच्या पदरात काही पडले. मारीच्या पदरात मात्र बेकारी आली. पुढे मालक मंडळी तिला बोलावीनाशी झाली. शिवाय वय पन्नाशीचे, आणि लोकांची आवडही पालटलेली. पाच-सात वर्षे अशी गेली की जिच्या नावाने थिएटरे भरत, तिला कोणी काम देईना.

मैत्रिणींनो, इथे एका दुसऱ्या बाईची गोष्ट सांगायला हवी. तिचे नाव फ्रान्सिस मॅरियन. पुष्कळ वर्षांपूर्वी ही सॅनफ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात नवखी बातमीदार होती. तिला मारीची मुलाखत घ्यायला पाठवले. त्या वर्तमानपत्राच्या मालकाशी मारीचे वाकडे होते, त्यामुळे ती भेटायला तयार नव्हती. मुलाखत मिळाली नाही तर माझी नोकरी जाईल, असे पोरीने सांगितले, तेव्हा मारीने तिला आत बोलावून बसवले आणि हवे ते लिहू दिले, असे सांगतात. पुढे ही पोर हॉलिवुडमधली फार मोठी चित्रपटकथालेखिका झाली. मारीचे दिवस फिरल्याचे तिला कळले, तेव्हा तिने केवळ हळहळ व्यक्त केली नाही. तिने मारीसाठी मुद्दाम कथा लिहिली आणि मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीला ती घ्यायला लावली. धोबीतलावाचे मेट्रो थिएटर १९३८ साली बांधले तीच ही कंपनी. तो चित्रपट १९२७ साली निघाला. आयरिश लोकांची त्यात टवाळी आहे म्हणून ओरड झाली आणि तो पडद्यावरून काढून घ्यावा लागला. तरी फ्रान्सिसबाईंनी नाद सोडला नाही.

त्याच साली, ६ ऑक्टोबर १९२७ रोजी, ‘द जॅझ सिंगर’ झळकला आणि सिनेमा बोलू लागला. मूकपटात सगळे काम चेहऱ्याचे होते. शब्द मधूनमधून पाटीवर लिहून यायचे. बोलपट आला आणि नुसत्या चेहऱ्याची किंमत उतरली. कोणाचा आवाज किनरा, कोणाचे उच्चार परके, कोणाला वाक्य कसे टाकावे तेच ठाऊक नाही. कंपन्यांनी रंगभूमीवरची माणसे शोधायला सुरुवात केली. मारीच्या गाठीला तर चाळीस वर्षांचे नाटक होते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यावा, हशा पिकेपर्यंत किती थांबावे, पुढचे वाक्य कधी उचलावे, हे सगळे तिच्या अंगात मुरले होते. इतके दिवस निरुपयोगी ठरलेली शिदोरी अशी कामी आली.

ग्रेटा गार्बो ही स्वीडनची लावण्यवती तेव्हा मेट्रोची मोठी नटी. ती पडद्यावर पहिल्यांदा बोलणार होती ‘अ‍ॅना ख्रिस्ती’ या चित्रपटात, १९३० साली. पटकथा फ्रान्सिस मॅरियनची. बंदरावरच्या एका दारुड्या म्हातारीची भूमिका तिने हट्टाने मारीला देववली. लोक गेले गार्बोचा आवाज ऐकायला, आणि घरी येताना त्या म्हातारीबद्दल बोलत आले.

त्याच वर्षी ‘मिन अँड बिल’ आला. मिन ही धक्क्यावर खानावळवजा हॉटेल चालवणारी रांगडी बाई. आईने टाकलेल्या एका पोरीला ती वाढवते, आणि तिचे भले व्हावे म्हणून तिला आपल्यापासून दूर पाठवते. पोरीचे चांगल्या घरी लग्न ठरते. तेवढ्यात ती टाकून गेलेली आई परत येते आणि सगळे उधळू पाहते. मिन तिला गोळी घालते. पोर नवऱ्याबरोबर बोटीतून निघून जाते. इकडे मिनला पोलीस घेऊन जातात, आणि त्या पोरीला यातले काहीच कळत नाही. या भूमिकेबद्दल १० नोव्हेंबर १९३१ रोजी मारीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे अकादमी पारितोषिक मिळाले. आदल्याच दिवशी तिला त्रेसष्ट वर्षे पूर्ण झाली होती.

मग १९३२ साली ‘एमा’. हा मी घरी मुलीला शेजारी बसवून पाहिला. जे बोलणे मला समजेना ते ती सांगत होती. एमा एका घरची कामवाली. चौथ्या बाळंतपणात मालकीण जाते, आणि एमा ती चारही मुले वाढवते. उतारवयात मालक तिच्याशी लग्न करतात आणि थोड्याच दिवसांत वारतात. इस्टेट एमाच्या नावावर आहे असे कळताच तिनेच न्हाऊमाखू घातलेली तीन मुले तिच्यावर खुनाचा आळ घेतात. धाकटा मुलगा तेवढा तिच्या बाजूचा, तो तिच्याकडे विमानाने येताना अपघातात जातो. खटल्यातून सुटल्यावर एमा सगळा पैसा त्याच मुलांना देऊन टाकते आणि दुसऱ्या घरी कामाला लागते. तिथेही लहान मुले असतात. मैत्रिणींनो, हे पाहून मी रडले, पण मला रागही आला. सगळे देऊन टाकले म्हणजेच बाई चांगली, असे का असावे? तुम्ही पाहाल तेव्हा याचा विचार करा.

१९३३ साली ‘टगबोट अ‍ॅनी’ आणि ‘डिनर अ‍ॅट एट’ आले. दुसऱ्याच्या शेवटी देखणी जीन हार्लो सहज म्हणते की मी एक पुस्तक वाचत होते. ते ऐकून मारी एक शब्द बोलण्याआधी सगळ्या अंगानिशी अशी दचकते की आजही हसू आवरत नाही. तो काळ अमेरिकेत भयंकर मंदीचा. लाखो लोक बेकार होते. पदरचे नाणे मोजून तिकीट काढणाऱ्या त्या लोकांना पडद्यावर आपल्यासारखी, संसाराने रापलेली बाई पाहावीशी वाटली. १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षे थिएटरवाल्यांच्या मोजणीत गल्ला जमवण्यात ती सर्वांत पहिली आली.

या यशातच तिला कर्करोगाने गाठले. तिच्या चरित्रात असे सांगतात की डॉक्टरांनी ही गोष्ट कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांना सांगितली, आणि ती मारीपासून काही काळ लपवून ठेवली गेली. तिने प्रवासाला जाऊ नये म्हणून नव्या चित्रपटाचे निमित्त काढले. त्यांचा हेतू कदाचित मायेचा असेल. पण आजार कोणाचा, शरीर कोणाचे, आणि सांगायचे कोणाला? आपल्या घरांतही हेच चालते. तपासणीचा कागद आला की तो आधी नवरा वाचतो, मग मुलगा, मग दीर. बाईला सांगतात, थोडी सूज आहे, गोळ्या घे. तिला कोणाला भेटायचे असेल, काही कोणाच्या नावे करायचे असेल, नुसते चार दिवस स्वतःसाठी बसायचे असेल, तो वेळ आपण तिच्याकडून काढून घेतो.

२८ जुलै १९३४ रोजी मारी गेली. वय पासष्ट. मृत्युपत्रात तिने वीस वर्षे सोबत राहिलेल्या आपल्या मोलकरणीला ३५,००० डॉलर आणि मोटार ठेवली, आणि तिच्या नवऱ्याला १५,००० डॉलर. पडद्यावरच्या एमाला घरच्या मुलांनी जे दिले नाही, ते मारीने आपल्या घरी दिले. कोबर्गमधले तिचे जन्मघर तिच्या नावाने जपलेले आहे.

आता माझी एक विनंती, आणि मी खाली बसते. मंडळाच्या निधीतून दरवर्षी आपण हळदीकुंकवाला वाण लुटतो. यंदा त्यातले थोडे पैसे बाजूला काढून चाळिशीपुढच्या सभासदांची छातीची तपासणी करून घ्यावी, आणि प्रत्येकीचा कागद तिच्याच हातात द्यावा. जिला वाचता येत नसेल, तिच्या शेजारी बसून मी वाचून दाखवीन. सातवीचे शिक्षण तेवढ्याला पुरते.