भोवरा आणि ध्रुव

आमच्या बालाघाटला वैनगंगेच्या काठी भोवरे फिरविणारी मुले दिसली, की मला कील या जर्मन बंदरातील एका कंपनीची आठवण होते. फिरता भोवरा आरीवर ताठ उभा राहतो आणि वेग ओसरताच लवंडतो, हे कोणत्याही पोराला ठाऊक असते. एका गृहस्थाने एवढ्याच गोष्टीवर कारखाना उभारला.

हेर्मान आन्श्युट्झ-केम्फे हे त्यांचे नाव. शिक्षण कलेच्या इतिहासाचे, ध्यास मात्र उत्तर ध्रुवाचा! बर्फाखालून पाणबुडीने तेथे जावे, असे त्यांनी मनाशी घेतले. परंतु पोलादी पाणबुडीत चुंबकीय होकायंत्र भ्रमिष्टासारखे वागते, आणि ध्रुवप्रदेशात तर त्याचा भरवसाच उरत नाही. तेव्हा चुंबकाचा नाद सोडून ते वेगाने फिरणाऱ्या चाकाकडे वळले. अशा चाकाचा आस आपली दिशा सहसा सोडीत नाही. त्याला गुरुत्वाकर्षणाची व पृथ्वीच्या भ्रमणाची नीट सांगड घातली, म्हणजे तो खऱ्या उत्तरेकडे वळून स्थिरावतो. हाच जायरोकंपास. १९०४ मध्ये पेटंट, १९०५ मध्ये कंपनी आणि १९०८ मध्ये ‘डॉइचलांड’ या नौकेवर परीक्षा. ही नौका युद्धनौका होती, हे ध्यानात घ्यावे. ध्रुव दूरच राहिला आणि गिऱ्हाईक म्हणून आरमार दाराशी आले. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या याच यंत्राच्या आधाराने समुद्रात वावरल्या. संशोधकाच्या स्वप्नाचे असे व्हावे, याची मला खंत वाटते.

इकडे अमेरिकेत एल्मर स्पेरी यांनी १९१० मध्ये ब्रुकलिन येथे अशीच कंपनी काढली. पेटंटवरून दोघांत खटला जुंपला, आणि तज्ज्ञ म्हणून पाचारण झाले ते आइन्स्टाइन यांना! बर्नच्या पेटंट कचेरीत कारकिर्दीची आरंभीची वर्षे काढलेल्या या माणसाला असले कागद नवे नव्हते. त्यांचा कौल आन्श्युट्झ यांच्या बाजूने पडला; पुढे तर गोलाकार जायरोकंपास घडविण्यात त्यांनी या कंपनीला मदतही केली.

नियतीची थट्टा अशी, की ऐन ध्रुवावर हा जायरोकंपासही आंधळा होतो. तेथे पृथ्वीचा आस सरळ उभा असतो. चाकाने वळावे तरी कोणीकडे? आन्श्युट्झ १९३१ मध्ये वारले. पाणबुडीतून ध्रुवाखाली जाणे त्यांना घडले नाही. ते घडविले ‘नॉटिलस’ या अमेरिकन अणुपाणबुडीने, ३ ऑगस्ट १९५८ रोजी. तिच्यावर दिशेसाठी जे नवे यंत्र नेले होते, ते मुळात क्षेपणास्त्रासाठी घडविलेले. आणि त्याच्याही पोटात फिरती चाकेच होती.