बिनबॅटरीचं उत्तर



टोलनाक्यावर गाडी पुढे सरकते, दांडा वर जातो आणि मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो. काचेला आतून चिकटवलेल्या त्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. मग तो उत्तर देतो कशाच्या जोरावर?

तुमच्यापैकी काहींना स्फटिकाचा रेडिओ आठवत असेल. ना वीज, ना सेल. हवेतून आलेल्या लहरींच्या जोरावरच कानातल्या हेडफोनमध्ये गाणं वाजायचं. टॅगचंही तसंच आहे. नाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. त्यातूनच टॅगमधल्या चिपला जाग येण्यापुरती वीज मिळते. मग आलेलीच लहर कमी-जास्त परतवून ती आपला क्रमांक कळवते. परतलेल्या लहरीतून निरोप धाडण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली मांडली होती.

वाचनालयातल्या पुस्तकात असा चौकोनी स्टिकर असेल, तर पान उजेडासमोर धरून पाहा. धातूच्या बारीक रेघेचे वेढे दिसतील. तो अँटेना. चिप म्हणजे त्यातला एक ठिपका. एवढ्याशा ऐवजावर पुस्तकांची नोंद होते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण अशा बिनबॅटरीच्या चिपबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. कुत्र्याला चिप बसवली, की तो कुठे हिंडतोय ते कळतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. दोन खांद्यांच्या मधे सुईने कातडीखाली सोडलेली ती काचेची कुपी साधारण १२ मिलिमीटर लांब असते. रीडर अगदी जवळ आणला, तरच ती १५ अंकी क्रमांक सांगते. मालकाचं नाव, फोन, पत्ता तिच्यात नसतो. ते सगळं असतं दूरच्या नोंदवहीत. घर बदललं, नंबर बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर सापडलेला कुत्राही घरी पोचत नाही. इंग्लंडमध्ये २०१६पासून कुत्र्यांना चिप सक्तीची आहे आणि नोंद ताजी ठेवणंही मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. ही दुसरी सक्ती मला जास्त मोलाची वाटते.

तुमच्या घरी चिप बसवलेला कुत्रा असेल, तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना रीडर लावून क्रमांक वाचायला सांगा. आणि नोंदीत तुमचा आजचाच फोन नंबर आहे ना, तेही तपासून घ्या.