पाण्याचं मत

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या मीटिंगला तुम्ही म्हणालात, "मॅडम, परदेशात जाऊन आलात, आम्हाला सांगा तरी काय पाहिलं ते." म्हणून आज कर्जवाटपाचा विषय संपल्यावर मला वीस मिनिटं दिलीत. पैशाचं आधीच सांगते, कारण ते तुम्ही विचारणारच. तिकिटासाठी दोन वर्षं बाजूला टाकत होते. राहणं-खाणं मैत्रिणीकडे. कर्ज काढलेलं नाही!

ही माझी कॉलेजातली मैत्रीण. दौंड तालुक्यातली, आणि गाव कालव्याच्या टेलला. टेलचं गाव म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आता ती नोकरीसाठी नेदरलँड्सला असते. आपण हॉलंड म्हणतो तोच देश. तिच्या शहराचं नाव उट्रेख्त. भाड्याच्या एका खोलीत राहते. तिच्याकडे मी पाच दिवस होते.

या शहराच्या मधोमध कालवा आहे. मधोमध म्हणजे आपल्या बाजारपेठेतून रस्ता जातो ना, तसा. जुन्या कालव्याला दोन मजले आहेत. वर रस्ता आणि दुकानं, आणि जिना उतरून खाली गेलं की अगदी पाण्याला लागून दुसरी वाट. त्या वाटेवर रस्त्याच्या पोटात तळघरं आहेत. शेकडो वर्षांपूर्वी होडीतून माल उतरवायचा आणि सरळ तळघरात न्यायचा, अशी सोय. आता तिथे हॉटेलं झालीत. बायका सायकलला पुढे लाकडी पेटी लावून त्यात दोन-दोन पोरं बसवतात आणि पावसातसुद्धा निघतात. स्टेशनखाली सायकलींचा तळ आहे, त्यात साडेबारा हजार सायकली मावतात. आपल्या यवत-केडगाव स्टेशनबाहेरच्या गाड्या आठवल्या मला.

एक गोष्ट मात्र फार आवडली. शहराच्या कडेचा एक कालवा त्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी कोरडा करून त्यातून मोटारींचा मोठा रस्ता काढला होता. पुढे लोकांनाच ते पटेना. २००२ मध्ये शहरात मतदान घेतलं, रस्ता उखडला, आणि २०२० मध्ये तिथे परत पाणी सोडलं. मी तिथे बसले होते तेव्हा एक आजी छोट्या होडीतून वल्हं मारत गेल्या. आपल्याकडे ओढा बुजवला की तो बुजलाच.

पण मला आज सांगायचंय ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सहज विचारलं, "हे पाणी कुणाच्या ताब्यात असतं गं? पाटबंधारे खात्याच्या?" ती म्हणाली, "मंडळ आहे. मी मत देते की त्याला."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिने नीट सांगितलं. त्या देशात पाण्याची वेगळी मंडळं आहेत, एकूण २१. नगरपालिका वेगळी, सरकार वेगळं आणि पाण्याचं मंडळ वेगळं. दर चार वर्षांनी त्याची निवडणूक होते. मागची मार्च २०२३ मध्ये झाली. मतदानाचं कार्ड पोस्टाने घरी येतं. आणि ऐका, मत द्यायला जमीन लागत नाही, घर लागत नाही, त्या देशाची नागरिक असावं लागत नाही. वय १८ पूर्ण हवं, कायदेशीर राहण्याचा परवाना हवा आणि त्या मंडळाच्या हद्दीत राहायला हवं. बस्स. वर्षाला पाण्याचा करही सगळ्यांना लागतो, भाडेकरूलाही. ती म्हणाली, "कर देते, तर विचारते पण."

हे आजकालचं नाही. तिच्या भागातलं मंडळ आपली सुरुवात ११२२ सालापासून धरतं. त्या वर्षी ऱ्हाईन नदीचा एक फाटा बांध घालून अडवला आणि मागची पाणथळ जमीन लागवडीला आणायला लागले. त्यांची अडचण आपल्या उलटी आहे. आपलं भांडण पाणी आणायचं, त्यांचं पाणी घालवायचं. देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे, पंप बंद पडले तर शेतं बुडतील. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटले तेव्हा १,८३६ माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात १९६१ ला पानशेत फुटलं, ते घरातल्या जुन्या माणसांना विचारा, म्हणजे त्यांची भीती कळेल.

भांडणं तिथेही आहेत बरं का. कालव्यात पाणी किती पातळीला ठेवायचं ते मंडळ ठरवतं. गुरांच्या कुरणवाल्या शेतकऱ्याला पाणी खाली हवं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो. पण पाणी फार उतरवलं की तिथली भुसभुशीत जमीन खचत जाते, म्हणून बाकीचे म्हणतात वर ठेवा. फरक एवढाच की हे भांडण जिथे होतं तिथे माझ्या मैत्रिणीचाही माणूस बसलेला असतो.

आता आपल्याकडे या. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा हवेलीतून दौंड, इंदापूरपर्यंत जातो, २०२ किलोमीटर. शिरूरच्या काही गावांना चासकमानचा डावा कालवा, काहींना घोड धरण. आवर्तन कधी सुटणार ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. पुण्याला पिण्याला किती, शेतीला किती, यावर दरवर्षी ओढाताण. गावात पाटकरी सांगेल तेव्हा आपल्याला कळतं.

जरा हात वर करा. रात्री दारं धरायला कोण कोण गेलंय? (जवळजवळ सगळे हात वर.) बिबट्याच्या भीतीने दोघी-तिघींनी मिळून, बॅटरी घेऊन, पोरांना घरी कोंडून? (हात तसेच.) आता, पाणी मागणीच्या सात नंबर फॉर्मवर स्वतःचं नाव कुणाचं आहे? (दोन-तीन हात.)

बघा. २००५ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करायचा कायदा झाला. त्यातून पाणी वापर संस्था आल्या. चांगला कायदा आहे, गावाने पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात वाटायचं. पण सभासद होतो तो जमीनधारक. सातबारा ज्याच्या नावावर, तो सभेला. म्हणून माझी मैत्रीण परक्या देशात भाड्याच्या खोलीतून पाण्यावर मत देते, आणि तिची आई, जिने तीस वर्षं दारं धरली, तिला गावातल्या संस्थेच्या सभेची नोटीससुद्धा येत नाही. हे ती मला कालव्याच्या कडेला बसून बोलली, हसत हसतच बोलली, पण नंतर बराच वेळ गप्प होती.

कुणी म्हणेल, त्यांचा देश पहिल्यापासून पुढारलेला. तसं नाही. १९५६ पर्यंत तिथल्या लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं काढता येत नव्हतं. कॉरी तेन्डेलो नावाच्या खासदारबाईंनी तो विषय संसदेत लावून धरला, आणि १९५७ पासून नवा कायदा लागू झाला. म्हणजे गटाचं खातं चालवणाऱ्या तुम्ही, त्यांच्या आज्यांच्या पुढेच आहात.

आपल्याकडेही वाट आहे, आणि ती जवळच निघालेली आहे. शेजारच्या खेड तालुक्यात आंबेठाणला राहिलेले शरद जोशी, त्यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. नवऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करायची. त्यानंतर १९९२ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. अर्ज तलाठी भाऊसाहेबांकडे. नवऱ्याच्या सहीशिवाय होत नाही, हेच त्याचं दुखणं. "तुझं नाव लावून काय करायचंय, तू कुठं पळून चाललीस?" असं घरी ऐकावं लागेल. भांडू नका, पण विषय सोडूही नका. एकटीने काढण्यापेक्षा गटातल्या दहाही जणींनी एकाच आठवड्यात काढा, म्हणजे कुणा एकीवर येत नाही.

तर पुढच्या मीटिंगला येताना घरच्या जमिनीचा सातबारा आणा, आणि आपल्या चारीची पाणी वापर संस्था कोणती ते विचारून या. ज्या ताईंच्या घरी जमीनच नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे आज कुठला अर्ज नाही. उट्रेख्तला जमीन नसलेलीला मत आहे, इथे नाही. म्हणून महासंघाच्या लेटरहेडवर कालवा सल्लागार समितीला एक निवेदन द्यावं असं मला वाटतं. आवर्तनाची तारीख आठ दिवस आधी गावच्या फळ्यावर लागावी, आमची पाळी रात्रीऐवजी दिवसा यावी, आणि बैठकीत महासंघाच्या दोन बायकांना बसायला मिळावं. दिवसाच्या लाईटचं निवेदन वेगळं करावं लागेल.

कच्चा मसुदा मी आणलाय. सचिवताई आता वाचून दाखवतील, काय राहिलं ते सांगा.